रेड लाइनमधला फ्लॅट घ्यावा का? कोल्हापूरच्या पूररेषेबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागाळा पार्क आणि रमणमळ्याच्या मधल्या पट्ट्यात एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडलाय. नवरा-बायको दोघंही पुण्यात नोकरीला, त्यामुळे राहणार आई-वडील. बिल्डर म्हणतो, "जागा ब्लूमध्ये नाही, रेडमध्ये आहे. परवानगी रीतसर आहे. २०२१ च्या पुरात पाणी नुसतं रस्त्यावर होतं." बँकेनं कर्ज मंजूर केलंय. मग टोकन द्यायचं का? आणि उद्या महापालिकेनं इमारत बेकायदा ठरवली तर?

टोकनचं आधी सांगतो. या आठवड्यात देऊ नका. फ्लॅट वाईटच असेल असं माझं म्हणणं नाही, पण बिल्डरनं जे सांगितलंय त्यातून काहीच ठरत नाही. "रेडमध्ये आहे पण परवानगी आहे" हे वाक्य कोल्हापुरातल्या शेकडो इमारतींना लागू पडतं. त्यांतल्या काही इमारतींत लोक पुराच्या काळातही घरात बसून चहा पितात, तर काहींत दर मोठ्या पुराला लिफ्टची मोटर जळते. दोन्हींकडे कागद सारखेच असतात. फरक असतो तो पातळीत, म्हणजे मीटरमध्ये लिहिलेल्या दोन-तीन आकड्यांत. मी इमारतींचे नकाशे करून नगररचना विभागाकडून मंजूर करून घेण्याचं काम करतो, त्यामुळे हे उत्तर त्याच बाजूनं, नकाशाच्या बाजूनं देतोय.

ब्लू लाइन आणि रेड लाइन जलसंपदा विभाग आखतो, महापालिका नाही. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. इथेच पहिली गफलत होते. "शंभर वर्षांचा पूर" म्हटलं की लोकांना वाटतं, एकवीसला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. पण याचा अर्थ इतकाच की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचं पाणी एकदा तरी येण्याची शक्यता साधारण १८ टक्के निघते आणि निळ्या रेषेपर्यंतचं येण्याची ५५ टक्क्यांच्या वर. हा गणिताचा हिशेब झाला. पंचगंगेनं आपल्याला त्याहून कडक धडा दिलाय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फूट ३ इंच. म्हणजे धोका पातळीच्या वर सव्वातेरा फूट, चार मीटरहून थोडं जास्त.

आता कायदा. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आमच्याकडे सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात पूररेषेचा नियम मोजक्या ओळींत आहे. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित. तिथं बाग, मोकळी भाजी मंडई, पार्किंग, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन असल्या गोष्टी चालतात. नवी इमारत चालत नाही. जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास तेवढा पाटबंधारे खात्याच्या, म्हणजे जलसंपदा विभागाच्याच, ना-हरकतीनं आणि लाल रेषेच्या वर उचलून करता येतो. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा निर्बंधित. तिथं बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर. तुमच्या इमारतीचं सगळं भवितव्य या दीड फुटावर उभं आहे. हा दीड फूट खरोखर आहे का, एवढंच तपासायचं.

याच नियमात आणखी एक मेख आहे. प्लॉटचा काही भाग पूररेषेत असला तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेवर जितकं बांधकाम करता येतं ते प्रमाण, उरलेल्या भागात वापरता येतो. म्हणजे इमारत उंच आणि दाट होते आणि मागं "गार्डन, चिल्ड्रन्स प्ले एरिया" म्हणून जो तुकडा माहितीपत्रकात हिरवागार दाखवलेला असतो, तो बऱ्याचदा हाच निळ्या रेषेतला भाग असतो. यात बेकायदा काही नाही. फक्त पावसाळ्यात नातवंडं तिथं खेळतील असं धरून चालू नका.

आता मुद्द्याचं. मंजूर नकाशाची प्रत मागा. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यानं ती बघण्याचा हक्क ग्राहकाला दिलाय आणि बुकिंगच्या वेळी मंजूर आराखडे दाखवणं बिल्डरवर बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावानं शोधलंत तर बहुतेक वेळा तिथंही मिळतात. फ्लॅटचा मांडणी-नकाशा, बेडरूम किती बाय किती, हे बाजूला ठेवा. 'सेक्शन' काढा, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेलं चित्र. त्यात जमिनीची पातळी, जोत्याची (म्हणजे बांधकाम ज्या उंचवट्यावरून सुरू होतं त्याची) पातळी आणि रेड लाइनची पातळी अशा तीन आडव्या रेषा हव्यात आणि प्रत्येकीसमोर मीटरमध्ये आकडा हवा. नुसत्या उदाहरणाला सांगतो: रेड लाइन ५४७.०० असेल तर बांधकाम ५४७.४५ च्या खाली असता कामा नये. वजाबाकी तिसरीतल्या पोराला येईल इतकी सोपी आहे.

पण हे आकडे कुठल्या शून्यापासून मोजलेत ते बघा. जलसंपदा विभाग पातळी सांगतो ती समुद्रसपाटीपासूनची. बरेच नकाशे मात्र सोयीसाठी रस्त्याच्या कडेचा एखादा दगड किंवा चेंबरचं झाकण धरून त्याला १००.०० मानतात आणि त्यावरून इमारतीच्या पातळ्या मोजतात. बांधकामाला ते पुरतं, पुराला पुरत नाही. सेक्शनमध्ये जोतं १०१.२० दिसलं आणि रेड लाइनचा आकडाच नसला, तर त्या कागदावरून जोतं पाण्याच्या वर आहे की खाली हे देवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी बिल्डरच्या आर्किटेक्टला एकच विचारा, "ही शंभरची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर?" उत्तर लगेच आलं तर माणूस कामाचा. "ते सगळं सँक्शनमध्ये झालंय हो" असं आलं तर स्वतःचा सर्व्हेअर बोलवा. पातळी जोडून घेणं साधारण एका दिवसाचं काम आहे. फ्लॅटच्या किमतीपुढं त्याची फी म्हणजे चिल्लर.

दुसरी गफलत फुटांची. कोल्हापूरकर पूर मोजतो राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत. जुलै लागला की सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर आधी तेच बघायचं: आज किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण राजाराम बंधारा कसबा बावड्याकडं, शहराच्या खालच्या अंगाला. नदीला उतार असतो, त्यामुळं त्याच वेळी शिवाजी पुलापाशी पाण्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी वेगळी असते. म्हणून "अमुक फुटाला आमच्या दारात पाणी येतं" हा शेजाऱ्याचा अनुभव त्याच्या दारापुरता खरा असतो. तो घेऊन तुमच्या इमारतीचं जोतं मोजता येत नाही. तरी शेजाऱ्याला विचाराच, फक्त प्रश्न नीट विचारा. पाणी किती आलं होतं हे विचारू नका. एकोणीसला आणि एकवीसला कितव्या पायरीपर्यंत आलं, किती दिवस राहिलं आणि कुठल्या बाजूनं आलं, हे विचारा.

कुठल्या बाजूनं, हे विशेष. शहराच्या बऱ्याच भागांत नदी थेट येत नाही, नाला उलटा येतो. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही, ते मागं सरकतं आणि शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पसरतं. नदीपासून लांब असलेल्या दुकानदारांचा माल भिजतो तो यामुळं. तुमच्या जागेजवळ नाला असेल, किंवा पूर्वी होता आणि आता त्यावर स्लॅब टाकून रस्ता केलाय असं जुनी माणसं सांगत असतील, तर नदीपासूनचं अंतर विसरा.

जागेवर गेल्यावर नव्या रंगाच्या भिंती बघू नका. शेजारच्या जुन्या इमारतीच्या मीटर रूममध्ये डोकवा. जुन्या लोखंडी शटरच्या खालच्या पट्ट्या बघा. ठरावीक उंचीपर्यंत गंज आणि त्याच्या वर साफ, अशी सरळ रेघ दिसली तर ती पाण्याची. काही गल्ल्यांत लोकांनी भिंतीवर रंगानं रेघ ओढून साल लिहून ठेवलेलं असतं. टेप काढा आणि ती रेघ रस्त्यापासून किती उंच आहे ते मोजा. "पाणी नुसतं रस्त्यावर होतं" या वाक्यातलं 'नुसतं' म्हणजे घोटाभर की छातीभर, ते तिथं कळतं.

बिल्डर खोटं बोलतोय असं समजायचं कारण नाही. भराव टाकून प्लॉट उचललेला असला तर पाणी खरोखरच रस्त्यावर राहतं. पण मग तो भराव किती कायदेशीर, हा पुढचा प्रश्न. नदीच्या आणि नाल्याच्या पात्रालगत मुरमाचे ढीग पडतात, रातोरात डंपर येतात, हे कोल्हापुरात कोणाला नवं नाही. भरावानं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजाऱ्याच्या घरात जातं. आज तुमचा बिल्डर शेजाऱ्याच्या वर उचलून बांधतोय, उद्या पलीकडचा तुमच्या वर उचलेल. म्हणून आजूबाजूला मोकळे प्लॉट किती आहेत, तिथं भराव सुरू आहे का, हे बघून ठेवा. निळ्या रेषेत भराव दिसला तर महापालिकेकडं लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दखल नाही घेतली तर पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे. तिथं अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून "बघू पुढच्या पावसाळ्यात" म्हणून बसू नका.

कागदांचं सांगायचं तर झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या जागेपुरता तुकडा) दोन्ही काढा. विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा दिसली नाही म्हणून ती नाही, असं धरू नका. बांधकाम परवानगीच्या पत्रातल्या अटी पूर्ण वाचा. पहिल्या पानावर सही-शिक्का बघून लोक कागद मिटतात आणि नेमकी पूररेषेची अट आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. पाटबंधारे विभागाचं पूररेषेबाबतचं पत्र मागा. त्यात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर तुमच्याच जागेचा आहे का बघा. शेजारच्या जागेचं पत्र जोडलेली फाइलही आढळते. ही रेषा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावरून दिली, हेही विचारा. एकोणीसच्या आधीच्या आकड्यावर बेतलेलं पत्र असेल तर मी असं जोतं दीड फुटावर नाही, आणखी बरंच वर मागेन. नियमात तसं लिहिलेलं नाही. ते माझं मत आहे.

बिल्डर पत्र देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात निबंध लिहू नका. "सिटी सर्व्हे क्रमांक अमुक या मिळकतीसंदर्भात दिलेला निळ्या व लाल पूररेषेची पातळी दर्शवणारा अभिप्राय व त्यासोबतचा नकाशा, यांच्या प्रमाणित प्रती" एवढं एक वाक्य पुरतं. 'का', 'कसं', 'जबाबदार कोण' असं विचारलंत की उत्तर टाळायला वाट मिळते.

जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर असती तर वेगळ्या दारात जावं लागलं असतं. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून कोल्हापूर शहर परिसर क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. तिथंही नियमावली हीच. ग्रामपंचायतीचा बांधकाम दाखला घेऊन कोणी प्लॉट किंवा रो-हाउस विकत असेल तर दोन हात लांब राहा. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यांत पाडलेले तुकडे नियमित केल्याचा, दाखलाही पूररेषेच्या अभिप्रायाची जागा घेत नाही.

बँकेनं कर्ज मंजूर केलं यातून सुरक्षितता सिद्ध होत नाही. बँकेचा वकील मालकी हक्क आणि परवानग्या बघतो, बँकेचा व्हॅल्युअर किंमत बघतो. पुराच्या दिवशी लिफ्ट चालेल का हे बघणारा माणूस बँकेकडं नाही.

आता लिफ्टकडं येतो, कारण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी तिथं वाटते. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, तो भिजणार नाही हे मान्य. पण इमारतीचा जीव खाली असतो. वीजमीटर, लिफ्टचा खड्डा, पाण्याची जमिनीखालची टाकी, पंप, जनरेटर, सांडपाण्याची टाकी, सगळं तळाला. पार्किंगमध्ये तीन फूट पाणी आलं की महावितरण त्या भागाची वीज बंद करतं. न करून चालत नाही, नाहीतर माणसं मरतील. वीज नाही म्हणजे पंप नाही. पंप चालवून तरी काय, जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. सांडपाण्याची टाकी भरली की तळमजल्याच्या शौचालयातून घाण वर येते. म्हणजे फ्लॅटची फरशी कोरडी आणि आत राहणं अशक्य. म्हणून सेक्शन बघताना मीटरचं पॅनेल कुठं आहे, जनरेटर कुठल्या पातळीवर आहे, जमिनीखालच्या टाकीचं झाकण किती उंच आहे, हे विचारा. चांगला बिल्डर मीटर रूम पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर घेतो. लिफ्टला पूर आला की वरच्या मजल्यावर थांबायची सोय आणि सांडपाण्याच्या पाइपला उलट पाणी रोखणारी झडप बसवतो. यातल्या कशालाच फार खर्च नसतो. आधी डोक्यात यावं लागतं, इतकंच.

पार्किंगच्या जागेत पुढं भिंती घालून दुकानगाळे केलेत का, हेही बघा. खालचा भाग मोकळा ठेवायच्या अटीवर मंजुरी आणि प्रत्यक्षात शटर लावलेली दुकानं, हा प्रकार दिसला तर भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी, म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) वेळी किंवा नंतर त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं आणि सोसायटीच्या गळ्यात नोटीस पडते.

आणि शहराचं पाणी. एकोणीसला आणि एकवीसला बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पुरात गेली आणि ज्यांच्या दारात पुराचा थेंब आला नाही ते राजारामपुरीवालेही टँकरमागं धावले. त्यामुळं हा मुद्दा फक्त तुमच्या फ्लॅटचा नाही. तरी छतावरची टाकी किती लिटरची आणि ती किती दिवस पुरेल, हे आई-वडिलांसाठी विचारून ठेवा.

रस्त्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. जोतं दीड फूट वर असलं तरी गेटसमोरचा रस्ता खालीच असतो. पाणी वाढताना शहर बाहेरून तुटत जातं. पंचगंगेचा रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी बाहेर पसरलं, की पन्हाळा-रत्नागिरीची वाट बंद, पुढं शिरोलीला महामार्गावर पाणी. तो २०१९ लाही बंद पडला होता आणि २०२१ लाही. पुण्याहून गाडी काढून आई-बाबांना आणायला येऊ, हा तुमचा बेत तिथं संपतो. सुतारवाड्यातली कुटुंबं शहरात सगळ्यात आधी चित्रदुर्ग मठात हलवली जातात. त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे, सामान बांधलेलं असतं. बंगल्या-अपार्टमेंटवाले मात्र "आपल्याकडं कशाला येतंय" म्हणून थांबतात आणि नंतर बोटीची वाट बघतात. वडिलांचं डायलिसिस, आईचं इन्सुलिन असलं काही असेल तर फ्लॅटपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता कितव्या फुटाला तुटतो, हे आत्ताच शोधून ठेवा. तुम्ही घरात कोण राहणार ते सांगितलंत म्हणून हे लिहितोय. पंचविशीतल्या पोरांसाठी घेत असता तर हा परिच्छेद लिहिला नसता.

"उद्या बेकायदा ठरवलं तर?" याचं उत्तर दोन भागांत. परवानगी खरी आणि बांधकाम त्या परवानगीबरहुकूम असेल तर पुढं रेषा बदलली म्हणून उभी इमारत एका रात्रीत बेकायदा होत नाही. पण परवानगी चुकीची माहिती देऊन घेतली असेल किंवा बांधकाम नकाशापेक्षा वेगळं असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली कलम ५३ ची नोटीस निघू शकते. म्हणून जोते तपासणीचा कागद आणि भोगवटा प्रमाणपत्र, या दोन्हींशिवाय ताबा घेऊ नका. "ओसी होतंय, दोन महिन्यांत येईल" हे दोन महिने कोल्हापुरात फार लांबतात.

बिल्डर तोंडी जे बोलला ते लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण आकड्यांत: लाल रेषेची पातळी किती, जोतं किती, २०२१ ला प्लॉटवर पाणी किती. रेराचं कलम १२ असं आहे की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते आणि प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. 'रिव्हर व्ह्यू' असं छापून पूररेषेबद्दल अवाक्षर न काढणारी माहितीपत्रकं त्यासाठीच जपून ठेवा. आणि कलम १३ लक्षात असू द्या: नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. साठेखतात, म्हणजे या करारनाम्यात, पातळीचे आकडे लिहायला बिल्डर तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर.

एक जाता जाता. महापालिकेच्या किंवा शासनाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय. कित्येक वर्षांची मागणी होती ती. पण खटला जिंकून पार्किंगमधलं पाणी उपसलं जात नाही, हे मात्र तसंच आहे.

विम्याचं लोक विसरतात. २०२१ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही घराची प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते आणि तिच्यात पूर धरलेला असतो. घराच्या विम्याबरोबर आतल्या सामानालाही विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. बँक कर्जाबरोबर जी पॉलिसी चिकटवते ती ही आहे की कर्जदाराच्या आयुर्विम्याची, ते नीट बघा. दोन्हींत लोकांचा गोंधळ होतो. लिफ्ट, पंप, मीटर ही सोसायटीची मालमत्ता; तिचा विमा सोसायटीनं वेगळा काढायचा. आणि पार्किंगमध्ये बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू करून बघायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की त्या नुकसानीवरून कंपनीशी वाद सुरू होतो. गाडी ढकलत किंवा क्रेननं न्यायची.

आता घ्यायचा की नाही. सेक्शनमध्ये समुद्रसपाटीपासूनच्या तिन्ही पातळ्या असतील, जोतं लाल रेषेपेक्षा दीड फूट नव्हे तर निदान तीन-चार फूट वर असेल, मीटर आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर असतील आणि भोगवटा हातात असेल, तर मी नाही म्हणणार नाही. भावात मात्र घासाघीस करा. शहराच्या उंच भागातल्या दरात रेड लाइनमधला फ्लॅट घ्यायचं काही कारण नाही. यातली पातळीची गोष्ट जमत नसेल तर बाकी कितीही गोड असलं तरी सोडा. पातळी ठीक आहे पण मीटर खाली आहेत असं असेल, तर ते वर घेण्याची अट साठेखतात घाला. बांधकाम चालू असताना ते सहज होतं, सोसायटी झाल्यावर त्यासाठी तीन सर्वसाधारण सभा लागतात आणि तिन्हींत भांडणं होतात.

आणि आई-वडील राहणार म्हणून, पातळी सगळी जमली तरी, मी दुसऱ्याऐवजी पहिला मजला बघायला सांगेन. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि सत्तरीच्या माणसाला जिना जितका कमी तितका बरा. पहिला शिल्लक नाही असं बिल्डर म्हणाला तर महारेराच्या पानावर विकलेल्या सदनिकांची यादी दिलेली असते. ती बघून मग त्याच्याशी बोला.